विहिरीवरचा स्लॅब काढा: आमच्या सोसायटीच्या कमिटीला आणि मुंबईच्या मेंबरांना खुलं पत्र

चेअरमन साहेब, सेक्रेटरी दादा, खजिनदार वहिनी, कमिटीतले बाकी सगळे आणि मुंबई-ठाण्याला असलेले आपले मेंबर,

सगळ्यांना नमस्कार.

हे मी आपल्या ग्रुपवरच लिहिणार होते, पण मे महिन्यात टँकरच्या बिलांबद्दल विचारलं त्याच रात्री ग्रुप ‘फक्त अ‍ॅडमिन’ झाला तो अजून तसाच आहे, म्हणून असं उघड लिहितेय. सोसायटीचं नाव लिहीत नाही, कुणा माणसाचंही लिहीत नाही. आपण रत्नागिरीत ४० फ्लॅटच्या, दोन विंगच्या बिल्डिंगमध्ये राहतो एवढं पुरे, बाकी तुम्हाला कळेलच.

आत्ता बाहेर धो धो पाऊस पडतोय आणि मी बी विंगच्या जिन्याच्या खिडकीतून खाली बघतेय. गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडचं सगळं पाणी पन्हळीतून कोपऱ्यातल्या पाईपला येतं आणि खाली पेव्हर ब्लॉकवर एवढ्या जोरात आपटतं की पहिल्या मजल्यापर्यंत तुषार उडतात. तिथून ते पाणी तांबडी माती घेऊन पार्किंगमध्ये जातं, पार्किंगच्या त्या चौकोनी स्लॅबवरून वाहतं, गेटखालून बाहेर आणि गटारात. तो चौकोनी स्लॅब म्हणजे आपली विहीर. पाणी विहिरीच्या डोक्यावरून जातंय आणि विहिरीत एक थेंब जात नाहीये, आणि एप्रिल आला की आपण टँकरवाल्याला फोन लावत बसतो. दर पावसाळ्यात हे बघून मला अक्षरशः कसंतरी होतं.

नवीन मेंबरांना माहीत नसेल म्हणून सांगते. ही जागा आधी नारळाची बाग होती. विहीर त्या बागेची, जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली, रहाटाचे दोन दगडी खांब होते, बाजूला पाटाचं पाणी जायला पन्हळ होती. २००९ मध्ये आम्ही फ्लॅट बघायला आलो तेव्हा बिल्डरच्या माणसाने आधी विहीर दाखवली आणि मग सँपल फ्लॅट. माझे सासरे तेव्हा होते, ते वाकून बघून म्हणाले, घर घ्या, पाणी आहे. मंजूर नकाशावर विहीर गोल काढून दाखवलेली आहे, माझ्याकडे झेरॉक्स आहे. पहिली काही वर्षं वापरायचं पाणी तिचंच होतं, पिण्याचं नळाचं. मग पंप जळला, मग गाळ साचला, मग दुर्गंधी येते अशी तक्रार आली आणि एका वर्षी गणपतीच्या आधी ‘पार्किंग वाढवणे’ म्हणून वर स्लॅब पडला. तीन गाड्यांची जागा झाली. त्या तीन गाड्या गणपतीत पाच-सात दिवस, शिमग्याला दोन-तीन दिवस आणि मे महिन्यात थोडे दिवस उभ्या असतात. बाकी वर्षभर तिथे मांजरं झोपतात.

चाकरमान्यांवर माझा राग नाहीये, हे पहिलं सांगते, कारण माझे दीर-जाऊ डोंबिवलीलाच आहेत आणि आपल्या प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी मुंबईला आहेच. ज्यांनी तिकडे दहा बाय दहाच्या खोलीत दिवस काढून इथे गावाकडे एक फ्लॅट घेतला त्यांचा या बिल्डिंगवर माझ्याएवढाच हक्क आहे. एक फ्लॅट एक मत, मग तो बंद असो नाहीतर उघडा, मला मान्य आहे. पण ४० पैकी १८ फ्लॅटमध्ये माणसं बाराही महिने राहतात, आणि पाण्याचा, गच्चीचा, विहिरीचा निर्णय होताना त्या १८ घरांना विचारलं जात नाही, हे मला मान्य नाही. कारण मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी साडेसहाला अर्धा तास पाणी सोडतात तेव्हा बादल्या, पिंपं, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवणारे आम्ही असतो.

या मे महिन्यात काय झालं ते सांगते. शीळ धरणातलं पाणी खाली गेलं की नळ एक दिवसाआड येतो, हे आपल्याला नवीन नाही. आपली बोअर दोन वर्षांपूर्वी मारली, पहिल्या वर्षी गोडं पाणी लागलं म्हणून आपण पेढे वाटले, दुसऱ्या वर्षी पाणी मचूळ झालं. समुद्र आपल्यापासून एवढा जवळ आहे, खोल भोकातून ताकदीच्या पंपाने ओढत राहिलं की खारं पाणी आत सरकतं, किनाऱ्यावर ज्यांच्या बागा आहेत त्या कुणालाही विचारा. तर बोअर बंद, नळ एक दिवसाआड, मग टँकर. मी कॅलेंडरवर प्रत्येक टँकरला एक फुली मारत गेले. मे महिन्यात १९ फुल्या आहेत. सोसायटीच्या हिशोबात एकच ओळ आहे, ‘पाणी खर्च’, आणि पुढे एक आकडा. किती टँकर, कुठल्या तारखेला, किती लिटरचे, पावती कुठेय, काही नाही. मी चोरी झाली असं म्हणत नाहीये, परत सांगते, तसं अजिबात म्हणत नाहीये. मी फक्त विचारलं की पावत्या बघू दे आणि त्यावर मला ग्रुपवर ‘तुम्हीच या कमिटीवर’ असं उत्तर आलं.

त्या दिवसांत आपले वॉचमन काका आणि त्यांच्या बायको तळमजल्याच्या खोलीत राहतात त्यांच्या नळाला चार दिवस पाणी नव्हतं, कारण त्यांची लाईन वरच्या टाकीला सगळ्यात शेवटी जोडलेली आहे आणि वरची टाकी भरायच्या आत संपत होती. काकी हंडा घेऊन मागच्या वाडीत जात होत्या. त्या वाडीतली विहीर आपल्या विहिरीपासून फार तर शंभर पावलांवर आहे, तशीच चिरेबंदी, तेवढीच जुनी. ते लोक दर उन्हाळ्यात गाळ काढतात, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात, वर जाळी आहे. तिला मे महिन्यात पाणी होतं. बारीक होतं, पण होतं. मला फार लाज वाटली त्या दिवशी. आपण लाखो रुपये देऊन फ्लॅट घेतलेली माणसं आणि आपल्या दारातल्या माणसाला शेजारच्या वाडीवर पाणी मागायला लावतोय.

म्हणून १२ मे ला दुपारी मी आणि ए विंगमधल्या काकांनी स्लॅबमधलं ते लोखंडी झाकण उघडलं. दोन फूट बाय दोन फुटाचं आहे, गंजून धरलं होतं, पहारीने उचकटावं लागलं. हो, कमिटीला न विचारता उघडलं आणि त्याबद्दल मला नोटीस आली आहे, ती मी फाईलला लावून ठेवली आहे. आत बॅटरी मारली तर चिऱ्यांच्या फटींमधून नेचे उगवलेले दिसले, ओला मातकट वास आला आणि खाली, बरंच खाली, बॅटरीचा उजेड हलला. पाणी! नायलॉनच्या दोरीला अर्धी वीट बांधून सोडली, वीट टेकली, वर काढली आणि ओला झालेला भाग हाताने मोजला, चार हात भरला. शेवटच्या हातभर दोरीला काळा गाळ लागला होता. म्हणजे वर्षानुवर्षं न उपसलेल्या, वरून झाकलेल्या, पावसाचं पाणी न मिळणाऱ्या विहिरीत मे महिन्यात गाळ धरून सहा फुटांच्या आसपास पाणी उभं होतं आणि त्याच दिवशी गेटवर टँकर रिव्हर्स घेत होता. काका काहीच बोलले नाहीत, नुसते दोरीकडे बघत उभे राहिले.

आता झाकण उघडल्यावर अजून एक गोष्ट दिसली, ती पाण्यापेक्षा जास्त घाबरवणारी आहे. स्लॅबच्या पोटातल्या सळ्या उघड्या पडल्यात. काँक्रीटचे पापुद्रे सुटलेत, सळ्या फुगून गंजल्यात. साहजिक आहे, खालून बारा महिने दमट वाफ आणि वरून मांडवीच्या समुद्राकडून येणारं खारं वारं, आपल्या गॅलरीतल्या ग्रिल दर दोन वर्षांनी रंगवाव्या लागतात तर त्या सळ्यांचं काय होणार. त्या स्लॅबचा भार जुन्या चिऱ्यांच्या कठड्यावर आहे आणि त्यावर आपण गणपतीत तीन गाड्या उभ्या करतो, लहान मुलं तिथेच फुलबाज्या लावतात. फोटो मी काढलेत, मोबाईलमध्ये आहेत, कुणालाही दाखवते. आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, १५ वर्षं झालेल्या बिल्डिंगचं दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायला सांगितलंय, आपली बिल्डिंग त्यात बसते, ते ऑडिट करायचंच आहे तर त्या इंजिनिअरला या स्लॅबखाली पण वाकून बघायला सांगा. आणि तो बघेपर्यंत त्या जागेवर गाडी लावू नका. हे बाकी सगळं बाजूला ठेवलंत तरी चालेल पण एवढं आजच करा, दोन कुंड्या आडव्या ठेवा नाहीतर दोरी बांधा, पण करा.

मागच्या एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, विहिरीला विरोध करताना तीन गोष्टी बोलल्या गेल्या. मुलं पडतील, डास होतील आणि खर्च कुणी करायचा. पहिल्या दोन्ही खऱ्या काळज्या आहेत, मी आई आहे, मला कळतात. पण विहिरीला कंबरेच्या वर कठडा आणि त्यावर कुलूप असलेली लोखंडी जाळी घातली की मूल पडत नाही, आणि आत गप्पी मासे सोडले की डासांच्या अळ्या राहत नाहीत, गप्पी मासे आरोग्य खात्याकडून मिळतात, वाडीतल्या विहिरीत त्यांनी तेच सोडलेत.

खर्चाचं मात्र नीट बोलूया, कारण खरी गाठ तिथेच आहे. बंद फ्लॅटवाल्यांचं म्हणणं की आम्ही पाणी वापरत नाही तर आम्ही विहिरीचे पैसे का द्यायचे. ऐकायला बरोबर वाटतं. पण आपल्या उपविधीत पाण्याचा आकार फ्लॅटमधल्या नळांच्या संख्येवर आणि साईजवर आहे, माणूस किती दिवस राहिला यावर नाही, म्हणजे आजही टँकरचा पैसा तुमच्या बिलात येतोच आहे, तुम्ही मे महिन्यात आठ दिवस येता तेव्हा येणाऱ्या पाहुण्यांसकट ते टँकर तुम्हीही वापरता. दुरुस्ती फंड आपण सगळेच पहिल्यापासून भरतोय, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का, तो फंड कशासाठी आहे मग? आणि उद्या तुम्हाला रिटायर होऊन इथे यायचंय ना? बोलताना प्रत्येक जण तेच म्हणतो, वहिनी, दोन वर्षं राहिली, मग कायमचे इकडेच. कायमचे याल तेव्हा नळ एक दिवसाआडच असेल.

आता पावसाच्या पाण्याचा हिशोब, हा मी माझ्या भाच्याला, तो सिव्हिलचं शिकतोय, समोर बसवून करून घेतला. आपल्या दोन्ही विंगच्या शेडचं क्षेत्र मिळून साधारण ५,००० चौरस फूट, म्हणजे ४६५ चौरस मीटरच्या आसपास. रत्नागिरीत पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ३,००० च धरला तर एका पावसाळ्यात आपल्या डोक्यावर पडणारं पाणी होतं जवळजवळ १४ लाख लिटर. अर्धं वाया गेलं धरा, तरी ७ लाख. १०,००० लिटरचा टँकर धरला तर ७० टँकर. हे सगळं विहिरीत साठून राहील असं मी म्हणत नाही, जांभा दगड चाळणीसारखा असतो, पाणी लवकर पितो आणि लवकर सोडतो, म्हणूनच एवढा पाऊस पडून कोकणात उन्हाळ्यात घागरी घेऊन फिरावं लागतं. पण थोडं जरी मुरलं आणि एप्रिलपर्यंत टिकलं तरी निम्मे टँकर वाचतील असं मला मनापासून वाटतं. करायचं काय, तर पहिल्या दोन-तीन पावसांचं घाण पाणी सोडून द्यायचं, मग पाईप विहिरीशेजारच्या एका खड्ड्यात, त्यात मोठे दगड, खडी, कोळसा, वाळू, आणि त्यातून गाळून विहिरीत. आणि पंप लहान, दिवसातून थोडा वेळच चालवायचा, बोअरसारखी हाव करायची नाही, नाहीतर हीसुद्धा मचूळ होईल.

यावरून गच्चीवर येते, कारण पाणी तिथूनच सुरू होतं आणि गच्चीला कुलूप आहे. किल्ली सेक्रेटरी दादांकडे. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात दादा मुंबईला लेकीकडे गेले होते, त्यांनी जाऊ नये असं कोण म्हणेल, पण किल्ली पण त्यांच्या घरात कुलुपात राहिली. पन्हळीच्या तोंडाशी आंब्याची पानं आणि कावळ्याने आणलेल्या काड्या अडकल्या, पाणी मागे तुंबलं आणि चौथ्या मजल्यावरच्या आजींच्या देवघरात गळलं. रात्री अकरा वाजता आम्ही चौघी जणी छत्र्या घेऊन गच्चीच्या दारासमोर उभ्या, दाराच्या पलीकडे पाण्याचा आवाज येतोय आणि हात पोचत नाही. पाच मिनिटांचं काम होतं, हाताने पानं काढायची.

कुलूप का लागलं तेही सगळ्यांना माहितीय. वाळवणं घालतात म्हणून गच्ची घाण होते. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, दर मे महिन्यात आमसुलं करतात. रतांबे फोडायचे, गर वेगळा, सालं वेगळी, गरात मीठ घालून आगळ करायचं, सालं त्यात बुडवायची, उन्हात घालायची, संध्याकाळी आणायची, परत बुडवायची, परत उन्हात, अशी पुटं द्यायची तेव्हा ती काळीभोर आणि मऊ होतात. त्याला कडक ऊन लागतं आणि जागा लागते. या वर्षी त्यांनी ती गॅलरीत घातली, गॅलरीत ऊन दोन तास, निम्म्याला बुरशी आली. त्या काही बोलल्या नाहीत, बुरशी आलेली निवडून वेगळी करत बसल्या होत्या जमिनीवर, मी तेव्हा ऑफिसातून आले. बिल्डिंगमधल्या कितीतरी मुंबईच्या घरांत सासूबाईंची आमसुलं जातात, प्रत्येक गणपतीत पिशव्या भरून जातात, तुम्ही खाल्लेली आहेत. गच्ची खराब होत असेल तर वाळवणाचा एक कोपरा ठरवा, धुऊन द्यायची जबाबदारी लिहून घ्या, मी पहिली सही करते. आणि किल्ली तिघांकडे ठेवा, त्यातली एक वॉचमन काकांकडे.

कमिटीचं काम सोपं नाही हे मला माहीत आहे. मानधन नाही, शिव्या मात्र रोज. मे २०२१ च्या तौक्ते वादळात चेअरमन साहेब स्वतः भिजत पत्र्याच्या दोऱ्या बांधत होते ते मी पाहिलंय, लॉकडाऊनमध्ये सेक्रेटरी दादांनी म्हाताऱ्या माणसांची औषधं आणून दिलीत. म्हणूनच मला निबंधक कार्यालयात अर्ज घेऊन जायचं नाहीये. १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात, कलम ३२ मध्ये, ताळेबंद, मेंबर रजिस्टर, जनरल मीटिंगची आणि कमिटी मीटिंगची मिनिट्स बघायचा हक्क मेंबरला दिलेला आहे. २०१९ ला हाउसिंग सोसायट्यांसाठी १३-ब हे वेगळं प्रकरण घातलं त्यातही रेकॉर्ड बघण्याचा हक्क आहे. हे मी वाचलंय, पण शेजाऱ्याकडे कलम दाखवून पावती मागायची वेळ येऊ नये असं वाटतं. रविवारी सकाळी ऑफिसचं दार उघडं ठेवा, फाईल टेबलावर ठेवा, मी चहा घेऊन येते, दोघं-तिघं बसून बघू. विहिरीवर स्लॅब टाकायचा ठराव कुठल्या मीटिंगमध्ये झाला तेही त्यात शोधू, मला तरी तो कुठल्या एजीएममध्ये ऐकल्याचं आठवत नाही.

आणि एजीएम. ३० सप्टेंबरच्या आत घ्यायचीच आहे, गणपतीत मुंबईची मंडळी असतात म्हणून तेव्हा घेणं योग्यच आहे. पण मागच्या वर्षी दीड दिवसाच्या विसर्जनाच्या संध्याकाळी सात वाजता ठेवली होती. आमच्याकडे दीड दिवसाचाच गणपती असतो, इथल्या निम्म्या घरांत तसंच आहे, आम्ही मूर्ती डोक्यावर घेऊन समुद्रावर आणि वर हॉलमध्ये हात वर करून ठराव पास. या वर्षी गौरी-गणपती गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, मंडळी परत निघायच्या आत. नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्या, आणि अजेंड्यावर ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये न ढकलता स्पष्ट लिहा: विहिरीवरचा स्लॅब काढणे, गाळ काढणे, कठडा व जाळी, पावसाचे पाणी विहिरीत सोडणे, अंदाजे खर्च. तीन कोटेशन मी आणून देते, गाळ काढणारी माणसं वाडीतल्यांच्या ओळखीची आहेत. गाळ एप्रिल-मे मध्येच निघतो, पाणी खाली असतं तेव्हा, आणि स्लॅब, कठडा, खड्डा ही कामं दिवाळीनंतर सुरू केली तरच तोपर्यंत होतील. या एजीएमला विषय राहिला तर अजून एक पावसाळा गटारात आणि अजून एक मे टँकरवर.

मुंबईच्या मेंबरांना एक विनंती. गणपतीला याल तेव्हा गाडी त्या स्लॅबवर न लावता बाहेर रस्त्याच्या कडेला लावा आणि वर जायच्या आधी पाच मिनिटं माझ्याबरोबर थांबा. झाकणाची किल्ली आता कमिटीकडे आहे, नवीन कुलूप लावलंय. चेअरमन साहेब, तेवढी पाच मिनिटं ते कुलूप उघडा. दोरी आणि वीट मी जपून ठेवली आहे, त्या दिवसांत पाणी बरंच वर असेल, ज्याला मोजायचं असेल त्याने स्वतःच्या हाताने मोजावं.

आपली,
बी विंग, तिसऱ्या मजल्यावरची मेंबर